मॉनिटरिंग डॅशबोर्ड: माहितीची दाटी किती, मोकळी जागा किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मॉनिटरिंग डॅशबोर्ड म्हणजे सर्व्हर आणि सेवा नीट चालल्या आहेत का हे दाखवणारा ग्राफांचा पडदा. हे पान सेवा बिघडली की ज्यांचा फोन रात्री वाजतो अशा ऑन-कॉल इंजिनिअरांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी पडदे आखणाऱ्या डिझायनरांसाठीही. उदाहरणं बहुतेक ग्राफाना (ग्राफ दाखवणारं साधन) आणि प्रोमिथियस (मोजमापं गोळा करून साठवणारं साधन) यांची आहेत, कारण माझी कामाची वर्षं त्यांच्याच समोर गेली. दुसरी साधनं वापरत असाल तरी हिशेब तोच राहतो.

थोडक्यात सांगा: डॅशबोर्ड दाट असावा की मोकळा?

मुंबईच्या लोकलचं छापील वेळापत्रक आठवा आणि फलाटावरचा इंडिकेटर आठवा. वेळापत्रकाच्या एका पानावर बारीक टायपात शेकडो आकडे असतात, तरी कुणी कुरकुरत नाही. ते आपण हातात धरून, बोट फिरवत, ‘ही चुकली तर पुढची कुठली’ हे शोधायला वाचतो. इंडिकेटरवर मोजक्या गोष्टी असतात: गाडी कुठली, किती वाजता, फास्ट की स्लो, डबे १२ की १५. जिना उतरत धावणाऱ्याला त्याहून जास्त वाचता येत नाही. रेल्वे एकच, पण वाचणाऱ्याचं अंतर वेगळं, त्याच्याकडचा वेळ वेगळा आणि त्याच्या मनातला प्रश्नही वेगळा.

डॅशबोर्डची दाटी याच तीन गोष्टींवरून ठरवावी. माझं स्वतःचं मत विचाराल तर, चौकशी करणाऱ्या इंजिनिअरसमोरचा पडदा आज बहुतेक ठिकाणी असतो त्याहून दाट हवा आणि भिंतीवरच्या टीव्हीचा पडदा असतो त्याहून खूपच मोकळा हवा. आपण नेमकं उलट करून बसतो.

मोकळी जागा म्हणजे नेमकी कुठली जागा?

हा प्रश्न आधी सोडवला तर निम्मे वाद मिटतात. डॅशबोर्डवर तीन वेगवेगळ्या रिकाम्या जागा असतात आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो.

पहिली, दोन गटांमधली. चेकआउटचे ग्राफ एकीकडे, डेटाबेसचे दुसरीकडे, मध्ये पट्टा. ही जागा फार मोलाची आहे. जवळ असलेल्या वस्तू डोळा एकत्र धरतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमरने १९२३ सालीच मांडून ठेवलं आहे. गट जागेने पाडले की चौकटी आणि जाड रेषा लागत नाहीत.

दुसरी, पॅनेलच्या (एक ग्राफ किंवा आकडा दाखवणाऱ्या चौकोनाच्या) आतली: मथळ्याभोवतीचं पॅडिंग, कार्डाच्या कडा, आकड्याच्या चारी बाजूंना सोडलेला मळा. ही बहुतेक वेळा वाया जाते. विक्रीच्या वेबसाइटवर ती शोभते, कारण तिथे एका वस्तूवर नजर खिळवायची असते. इथे तीच जागा शेजारच्या ग्राफला ढकलत ढकलत स्क्रोलच्या खाली नेते.

तिसरी ग्राफच्या पोटातली. अक्ष ० ते १०० टक्के आणि रेघ कायम ३ ते ५ च्या मध्ये रांगते आहे. ही जागा रिकामी दिसते पण काही वेळा ती बोलत असते: ‘अजून खूप वाव आहे’ हेच तिचं सांगणं. डिस्क, मेमरी, कनेक्शन पूल (डेटाबेसच्या ठरावीक जोडण्यांचा साठा) अशा, जिथे कमाल मर्यादा ठरलेली आहे अशा गोष्टींचा अक्ष कापू नका. लेटन्सीचा, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळेचा, खुशाल कापा.

टफ्टींच्या डेटा-इंक तत्त्वानुसार सगळं काढून टाकायला हवं ना?

एडवर्ड टफ्टींनी १९८३ च्या पुस्तकात सांगितलं की ग्राफवरच्या शाईतली जास्तीत जास्त शाई माहितीवर खर्च व्हावी. त्यावरून ‘कमी दाखवा’ असा अर्थ लावला जातो आणि त्यांचं नाव घेऊन पडदे ओसाड केले जातात. त्याच पुस्तकात ते दाट आकड्यांची बाजू घेतात. चौरस इंचात जितकी जास्त माहिती सुवाच्यपणे बसेल तितकी बसवा, हा त्यांचा आग्रह आहे. शब्दाएवढ्या आकाराचे छोटे ग्राफ, ज्यांना आपण स्पार्कलाइन म्हणतो, ते नावही त्यांचंच. काढायची आहे ती सजावट: जाड ग्रिड, भरीव छटा, प्रत्येक पॅनेलभोवतीची चौकट, ‘सीपीयू’ असा मथळा असताना खाली पुन्हा ‘सीपीयू’ म्हणणारा लेजंड (रेघांच्या नावांची यादी). सजावट काढल्यावर सुटलेल्या जागेत काय घालायचं हा पुढचा प्रश्न. माझं उत्तर: शेजारचा संबंधित ग्राफ.

एका डॅशबोर्डवर किती पॅनेल असावीत?

प्रोमिथियसच्या दस्तऐवजांत स्पष्ट सल्ला आहे: एका पडद्यावर ५ हून जास्त ग्राफ नकोत आणि एका ग्राफमध्ये ५ हून जास्त रेघा नकोत. सुरुवात करणाऱ्या टीमला मी हाच आकडा सांगते. नवी टीम हाती लागेल ते मेट्रिक (मोजमाप) पडद्यावर टाकत जाते, तिला लगाम हवाच.

पण हा आकडा तोलून वापरा. पाच ग्राफ पाच निरनिराळ्या गोष्टींचे असतील तर तेही जड जातात. एकाच आखणीचे, एकाच अक्षाचे, बारा पॉडचे (एकाच सेवेच्या चालू प्रतींचे) बारा छोटे ग्राफ एका नजरेत वाचता येतात, कारण पहिला समजला की उरलेल्या अकरांत फक्त वेगळा दिसणारा शोधायचा असतो. मोजायचंच असेल तर वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने समजून घ्याव्या लागणाऱ्या आखण्या मोजा.

‘माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात’ हे वाक्य या चर्चेत हमखास येतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा तो लेख तात्पुरत्या स्मरणशक्तीबद्दल आहे. पडद्यावर समोर दिसणारी गोष्ट लक्षात ठेवावी लागत नाही, म्हणून त्यावरून पॅनेलची संख्या ठरवू नका. उलट तो लेख दाट पडद्याच्याच बाजूने वापरता येईल: एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर जाताना आकडा डोक्यात धरावा लागतो आणि तिथे ती सातची, खरं तर त्याहूनही लहान, मर्यादा आड येते.

कमी दाखवल्याने कधी खरंच नुकसान झालं आहे का? मोकळा पडदा निदान निरुपद्रवी तरी असतो.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. एक उंच मनोरा सुरू करताना त्यात द्रव जात राहिला आणि बाहेर जाण्याचा मार्ग कित्येक तास बंद होता. मनोरा गच्च भरला. पातळी मोजणारं यंत्र चुकीचं दाखवत होतं, माणसं थकलेली होती, कारणं अनेक होती. केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत एक बाब पडद्यांचीही निघाली: आत येणारा प्रवाह एका पडद्यावर होता आणि बाहेर जाणारा दुसऱ्या पडद्यावर. मनोऱ्यात एकूण किती द्रव साचला आहे, हे तर कुठेच मांडलेलं नव्हतं.

हे वाचल्यापासून मी ‘मोकळा पडदा निरुपद्रवी’ हे म्हणणं मान्य करत नाही. येणारं आणि जाणारं शेजारी असतं तर वजाबाकी नजरेनेच झाली असती. आपल्या क्षेत्रात याची भावंडं रोज भेटतात. क्यूमध्ये येणारे मेसेज एका डॅशबोर्डवर, उपसले जाणारे दुसऱ्या. पेमेंटच्या विनंत्या एका टीमच्या पडद्यावर, बँकेकडून परत आलेली उत्तरं दुसऱ्या टीमच्या. ज्या दोन आकड्यांची तुलना करूनच निर्णय घेता येतो ते दोन आकडे एकाच पडद्यावर, जमल्यास एकाच उभ्या ओळीत आणि एकाच वेळ-अक्षावर असायलाच हवेत. त्यासाठी कडांचं पॅडिंग गेलं तर जाऊ द्या.

मग जास्त दाखवण्यात काय धोका आहे?

तोही तितकाच खरा. २८ मार्च १९७९ च्या पहाटे ४ वाजता अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात बिघाड सुरू झाला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे वेगळे करण्याची सोय नव्हती. अलार्म छापणारा प्रिंटर घटनांच्या मागे पडत गेला.

मला त्या घटनेतला एक दिवा जास्त महत्त्वाचा वाटतो. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनेलवरचा त्याचा दिवा विझला, म्हणून तो बंद झाला असं सगळ्यांनी धरलं. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. ‘बंद हो’ हा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. व्हॉल्व्हमधून पाणी जिथे साठत होतं त्या टाकीचा मापक मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला बसवलेला होता. गळती लक्षात येऊन दुसरा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत दोन तास वीस मिनिटांच्या आसपास वेळ गेला.

म्हणजे शेकडो दिवे होते, पण हवा तो पुढ्यात नव्हता आणि होता तो भलतंच सांगत होता. डिप्लॉय यशस्वी झाल्याचं हिरवं पॅनेल आपण ठेवतो, तेव्हा ते ‘आदेश गेला’ म्हणतंय की ‘नवीन आवृत्ती खरोखर उत्तरं देते आहे’ म्हणतंय? दाटी कमी करायला बसाल तेव्हा आदेश दाखवणारी पॅनेल आधी काढा, स्थिती दाखवणारी ठेवा.

अशा घटनांनंतर रासायनिक आणि वीज उद्योगाने पुढे नियम बनवले. ईईएमयूए १९१ या अलार्मविषयीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे नेहमीच्या स्थितीत एका ऑपरेटरला १० मिनिटांत सरासरी एकाहून कमी अलार्म यावा. आपल्या क्षेत्रातल्या किती टीम हे मोजतात? अलर्टच्या चॅनेलवर तासाला शंभर संदेश पडत असतील तर डॅशबोर्डची आखणी बदलून काही साधणार नाही. आधी ते आवरा.

रात्री तीनला उठल्यावर जो पडदा उघडतो, तो कसा आखावा?

वरून खाली, लक्षणाकडून कारणाकडे.

सगळ्यात वर वापरणाऱ्याला काय भोगावं लागतंय ते. गूगलच्या एसआरई (सेवा विश्वासार्ह ठेवण्याचं काम) या विषयावरच्या पुस्तकात चार मुख्य संकेत दिले आहेत: लेटन्सी, ट्रॅफिक, चुका आणि सॅच्युरेशन (यंत्रणा किती भरली आहे). पहिले तीन वरच्या ओळीत ठेवा. टॉम विल्की यांची रेड पद्धत हीच: विनंत्यांचा दर, चुका, लागलेला वेळ. खाली यंत्रांची बाजू, ब्रेंडन ग्रेग यांच्या यूज पद्धतीने: वापर, सॅच्युरेशन, चुका. प्रत्येक सेवेसाठी हाच क्रम आणि हीच जागा. डावीकडे ट्रॅफिक असेल तर सगळीकडे डावीकडेच.

वरच्या ओळीला सढळ हाताने जागा द्या. झोपेतून उठलेला माणूस आहे, त्याला आधी ‘खरंच काही बिघडलंय का’ एवढंच हवं असतं. त्याखाली मात्र दाटी करा, कारण दुसऱ्या मिनिटाला त्याचा प्रश्न बदललेला असतो. आता तो कारण शोधतो आहे आणि कारण दोन रेघा एकाच क्षणी वळल्या की सापडतं.

माझ्या एका आधीच्या नोकरीत आमचा जुना, गचाळ दिसणारा डॅशबोर्ड बदलून नवा आला. मोठी कार्डं, ऐसपैस अंतरं, ठळक आकडे. सादरीकरणात सगळ्यांनी, मीही, टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात एका रात्री लेटन्सी चढू लागली. सर्व्हर ठीक, डेटाबेस ठीक. कनेक्शन पूलमध्ये रांगेत थांबलेल्या विनंत्यांचा ग्राफ तिसऱ्या स्क्रोलच्या खाली गेला होता. जुन्या पडद्यावर तो लेटन्सीच्या अगदी खाली, बोटभर उंचीचा होता आणि त्या दोन रेघा एकत्र चढताना आम्ही अनेकदा पाहिल्या होत्या. तिथपर्यंत पोचायला मला पाऊण तास लागला. तो बोटभर ग्राफ कुणी मुद्दाम ठेवलेला नव्हता. एका जुन्या सहकाऱ्याने जागा होती म्हणून तिथे टाकला होता. तेव्हापासून काहीही हलवण्याआधी मी विचारते: याच्या शेजारी काय आहे आणि ते शेजारपण कुणाच्या कामाचं आहे?

मोठ्ठा एकच आकडा दाखवणारी पॅनेल वापरावीत का?

मोजकी. ‘४१२’ असा हातभर आकडा काय सांगतो? काल किती होता, या वेळी साधारण किती असतो, चढतो आहे की उतरतो आहे, यातलं काहीच नाही. त्याच जागेत आकडा लहान करून मागे २४ तासांची स्पार्कलाइन आणि गेल्या आठवड्याच्या याच वेळेचा आकडा बसतो. ग्राफानाच्या स्टॅट पॅनेलमध्ये मागची रेघ दाखवायची की नाही हा एकाच पर्यायाचा प्रश्न आहे, बस्स. एकटा आकडा शोभतो तो मर्यादेशी बांधलेला असेल तेव्हा: ‘डिस्क भरायला ६ तास’.

एका ग्राफमध्ये पन्नास रेघा आहेत. काय करू?

रंगीत शेवयांचा गुंता झालेला असेल. तीन वाटा आहेत.

पन्नासांतल्या सगळ्यात वाईट पाचच हव्या असतील तर प्रोमिथियसचं टॉप-के फंक्शन वापरा. पण वेळेनुसार हे पाच बदलत राहतात आणि प्रोमिथियसमध्ये प्रत्येक टप्प्यावर (ग्राफच्या दर बिंदूला) नवे पाच निवडले जातात, म्हणून ग्राफवर पाचाहून जास्त रेघा तुटक दिसतात. त्यापेक्षा ते टेबल म्हणून दाखवा.

सगळ्यांचं एकूण वागणं बघायचं असेल तर हीटमॅप (कुठल्या किमतीला किती मोजमापं पडली ते रंगाच्या गडदपणाने दाखवणारा ग्राफ). हजार सर्व्हर असले तरी जागा तेवढीच लागते आणि लेटन्सीची दोन वेगळी टोळकी पडली असतील तर दोन पट्टे स्पष्ट दिसतात. सरासरीची रेघ त्या दोघांच्या मधून, जिथे एकही विनंती नाही अशा जागेतून जाते.

वेगळा वागणारा एक शोधायचा असेल तर छोटे छोटे ग्राफ शेजारी शेजारी, सगळ्यांना समान अक्ष. ग्राफानात व्हेरिएबलवरून (जसं सर्व्हरच्या नावांची यादी) पॅनेल आपोआप पुन्हा काढता येतं. समान अक्ष विसरू नका. प्रत्येकाने आपापला अक्ष ताणला की शांत सर्व्हरही पेटलेला दिसतो. संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवलं की समान मापपट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो. कोन, क्षेत्रफळ आणि रंगाची छटा हे त्यानंतर येतात. पाय चार्ट आणि गोल गेज मी मॉनिटरिंगमध्ये वापरत नाही. ती जागा खातात आणि बदल्यात अंदाज देतात.

ग्राफ किती लहान केला तर चालेल?

याचं उत्तर डिझाइनच्या पुस्तकांत सहसा नसतं, म्हणून जरा सविस्तर.

ग्राफानाची रुंदी २४ स्तंभांची असते. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर एक स्तंभ साधारण ८० पिक्सेल. अर्ध्या रुंदीच्या पॅनेलमधून अक्षाची जागा वजा केली तर रेघेसाठी ८५० पिक्सेल उरतात. ४ स्तंभांच्या चिमुकल्या पॅनेलमध्ये सुमारे २८०.

आता २४ तास म्हणजे ८६,४०० सेकंद. मोठ्या पॅनेलमध्ये एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १०० सेकंद येतात, लहानात पाच मिनिटांहून जास्त. सात दिवस लावले तर लहान पॅनेलचा एक पिक्सेल म्हणजे ३६ मिनिटं!

इथवर नुसती नजरेची मर्यादा झाली. पण ग्राफाना क्वेरीचे बिंदू पॅनेलच्या रुंदीवरूनच ठरवतो. म्हणजे पॅनेल अरुंद केलं की डेटाबेसकडे विचारणाच विरळ जाते. प्रोमिथियस प्रत्येक टप्प्याला त्या क्षणाआधीचा शेवटचा नमुना उचलतो. १५ सेकंदांनी नमुने घेत असाल आणि टप्पा पाच मिनिटांचा असेल तर २० नमुन्यांतला एकच पडद्यावर येतो. मेमरीने दोन मिनिटं उसळी मारली आणि ती दोन टप्प्यांच्या मध्ये पडली, तर ती उसळी ग्राफवर नाहीच. झूम केल्यावर ती अचानक ‘उगवते’ आणि आपण चक्रावतो.

उपाय सोपा आहे. ज्या गेजमध्ये (मेमरीसारख्या वर-खाली होणाऱ्या मोजमापात) शिखरं महत्त्वाची आहेत तिथे ‘मॅक्स ओव्हर टाइम’ (ठरावीक वेळातली कमाल किंमत) वापरा आणि त्याची खिडकी, म्हणजे तो कालावधी, टप्प्याएवढी ठेवा. मग पॅनेल लहान असलं तरी शिखर राहतं. दर सेकंदाला किती असा दर काढायचा असेल तर खिडकी म्हणून ग्राफानाचं रेट-इंटरव्हल व्हेरिएबल वापरा. एवढं केल्यावर ग्राफ बोटभर उंचीचा करायला माझी हरकत नाही. आकार ओळखू येतो आणि हवा तो मोठा करून पाहता येतो.

नवीन माणसाला दाट पडदा पाहून धडकी भरते. त्याचं काय?

घरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय बघा. १९७३ पासून ते मराठी घरांत आहे. एकेका चौकोनात तारीख, तिथी, सण, संकष्टी असेल तर चंद्रोदय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते भरगच्च वाटेल, पण घरातली आजी चष्मा न शोधता चतुर्थी कधी ते सांगते. प्रत्येक गोष्टीची चौकोनातली जागा ठरलेली आहे आणि ती वर्षानुवर्षं हललेली नाही. लांबून तारीख दिसते, जवळ गेलं की तिथी. लेख आणि पाककृती पानाच्या मागे.

डॅशबोर्डला हेच लागू पडतं. रोज वापरणाऱ्यासाठी दाटी ठेवा, पण जागा पक्क्या करा. दर तिमाहीला आखणी बदलली तर अनुभवी माणूसही पुन्हा नवशिका होतो. आणि नवीन माणसासाठी प्रत्येक गटाच्या वर दोन ओळींचं मजकूर-पॅनेल ठेवा: हा गट कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बिघडलेला कसा दिसतो, पुढे कुठे जायचं. या दोन ओळींना लागणारी जागा मी कधीही खर्च करायला तयार आहे.

रंग किती वापरावेत?

शांत असताना जवळपास शून्य. कारखान्यांच्या नियंत्रण-पडद्यांत करडी पार्श्वभूमी आणि फक्त बिघाडाला रंग, ही पद्धत मुरली आहे. सगळं हिरवं चमकत असेल तर एक लाल चौकोन शोधायला वेळ लागतो. शिवाय लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते १२ पैकी १ असतात. रंगाबरोबर आकार, जागा किंवा शब्दही बदलू द्या.

डार्क थीम की लाइट?

खोलीत दिवे असतील तर लाइट, अंधारात बसत असाल तर डार्क. दाटीशी एकच संबंध आहे: काळ्यावर मंद करडी अक्षरं लहान आकारात वाचता येत नाहीत. मजकुराला किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट ठेवा.

भिंतीवरच्या टीव्हीवर तोच डॅशबोर्ड लावला तर?

नका लावू. हिशेब करून पाहा. आरामात वाचायला अक्षराची उंची अंतराच्या साधारण दोनशेवा भाग हवी. ५ मीटर अंतराला २५ मिलिमीटर. ५५ इंची टीव्ही १०८० ओळींचा असेल तर एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा, म्हणजे अक्षराला ४० पिक्सेल लागतात. ओळींमधलं अंतर धरून पूर्ण पडद्यावर १८ ओळी बसतात, त्याही दुसरं काही नसेल तर. लॅपटॉपवरचा १२ पिक्सेलचा मजकूर त्या भिंतीवर साडेसात मिलिमीटरचा होतो. तो वाचायला उठून टीव्हीपाशी जावं लागतं.

टीव्हीसाठी वेगळा पडदा करा: सेवांची नावं, प्रत्येकीची स्थिती, चालू इन्सिडेंट (बिघाड) आणि कोण ऑन-कॉल आहे. इथे मोकळी जागा भरपूर हवी.

मोबाइलवर?

ग्राफानाची पॅनेल अरुंद पडद्यावर एकाखाली एक येतात, शेजारपण आपोआप मोडतं. फोनवर फक्त ‘लॅपटॉप उघडायचा का’ एवढं ठरवा.

भारतातल्या टीमसाठी काही वेगळं?

तीन गोष्टी.

वेळ. आपली घड्याळं यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहेत. त्यामुळे यूटीसीने पाडलेला ‘दिवस’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि तासाचे गठ्ठे साडेच्या ठोक्याला. रोजच्या बेरजेचे बार त्यामुळे तिरपागडे दिसतात, मध्यरात्रीच्या सेटलमेंटचा आकडा आदल्या दिवसात मिसळतो. क्वेरीची भाषा टाइमझोन घेत असेल तर तो क्वेरीतच द्या. आणि मोकळ्या जागेचा हा एक उत्तम उपयोग: कोपऱ्यात ‘भारतीय वेळ’ असं ठळक लिहा. परदेशातल्या सहकाऱ्याशी रात्री बोलताना त्या दोन शब्दांनी वीस मिनिटं वाचतात.

आकडे. ग्राफानाचं ‘शॉर्ट’ एकक हजारांनंतर थेट मिलियनवर उडी मारतं. आपल्या व्यवस्थापकांना लाख आणि कोटीच कळतात. लाखाने भागून एककाच्या जागी ‘सफिक्स:’ लिहून पुढे लाख जोडता येतं. इंजिनिअरांच्या पडद्यावर मात्र कोडमध्ये आहे तेच एकक राहू द्या.

लिपी. मराठीतून मथळे ठेवत असाल तर ओळींमधलं अंतर वाढवा. वेलांट्या वर आणि उकार खाली जातात. इंग्रजीसाठी घट्ट बसवलेल्या ओळीत ‘चुकीची’ मधला उकार छाटला जातो. दाट पडद्यावर हे सगळ्यात आधी जाणवतं.

कोलॅप्स होणाऱ्या ओळी म्हणजे मधला मार्ग नाही का?

काही अंशी. मिटलेल्या ओळीतल्या क्वेरी चालत नाहीत, त्यामुळे पान हलकं राहतं. पण मिटलेलं ते विसरलेलं. तुलनेसाठी लागणारं काहीही मिटवून ठेवू नका. क्वचित लागणारा तपशील, जसं गार्बेज कलेक्शन (प्रोग्रामने नको असलेली मेमरी मोकळी करणं), तिथे ठेवा.

डिझायनर म्हणतो जागा सोडा, इंजिनिअर म्हणतो अजून चार ग्राफ बसव. निवाडा कसा करायचा?

आवडीनिवडीवर तो कधीच होत नाही. दोन्ही आखण्या तयार करा. घडून गेलेल्या एखाद्या इन्सिडेंटची वेळ दोन्हींवर लावा, इन्सिडेंट सुरू झाला त्याच्या दहा मिनिटं आधीपासूनची. त्या रात्री हजर नव्हता असा एक सहकारी समोर बसवा आणि त्याला फक्त आलेला अलर्ट दाखवा. तो कारणापर्यंत किती मिनिटांत पोचला, किती वेळा स्क्रोल केलं, किती टॅब उघडले आणि कुठला आकडा कागदावर लिहून घेतला, हे शांतपणे टिपा. दुसऱ्या आखणीसाठी दुसरा सहकारी घ्या, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत आहे.

कागदावर लिहून घेतलेला आकडा सगळ्यात महत्त्वाचा असतो: तो आणि ज्याच्याशी तो ताडून पाहिला ते, हे दोघं पडद्यावर शेजारी यायला हवेत. डिझायनरला त्या वेळी खोलीत बसवा. मी पाहिलंय, एकदा हे डोळ्यांनी बघितलं की तेच आपणहून पॅडिंग काढतात, आणि इंजिनिअरही वीस पॅनेलकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही हे मान्य करतात.

प्रोमिथियस डीफॉल्टने १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. तेव्हा ही चाचणी इन्सिडेंटच्या पुढच्या आठवड्यातच उरकून घ्या.